नव्वदची निळी रेघ

"आधी फट बघ. चित्र नंतर."

दादांच्या हातात बेसबॉलचं कार्ड दिलं की पहिलं वाक्य हेच. दुसऱ्या कुणी आधी खेळाडूचा चेहरा पाहिला असता, नाव वाचलं असतं. दादा शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची एक पाचर काढायचे. मोटारीचं दार आणि तिची बॉडी ह्यांच्यामधली फट मोजायची पाचर ती, टोकाला पातळ, मागे जाड, वर बारीक खुणा. ती कार्डाच्या कडेला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि चित्राच्या चारी बाजूंची पांढरी जागा मोजायची. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी निघाली की 'च्च' करून कार्ड खाली ठेवायचे. त्या खेळाडूने आयुष्यात काय पराक्रम केले होते, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नात जेवायला बसली की ताटाआधी टेबल डुगडुगतं का ते बघतात. मी जर्मनीत नेकारसुल्मला त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी दादा बायकोने दिलेले पोहे घेऊन दारात उभे होते. "ये, बस" म्हणायच्या आत त्यांची नजर माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर गेली. "दार दोन मिलिमीटर खाली आलंय रे," ते म्हणाले, आणि पोहे माझ्या हातात देऊन बिजागरी पिळायला लागले. माझे पोहे खाऊन झाले तरी त्यांचं दार चालूच होतं.

मोटारींना दारं पुरवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते. आधी चाकणला चौदा वर्षं, मग इथे सहा. वीस वर्षं माणूस फटीच बघत होता. त्यांच्या जाड भिंगांच्या चष्म्यामागून ते दाराकडे बघायला लागले की लाइनवरचे जर्मन कामगार गप्प होऊन वाट बघत, असं त्यांच्याच एका सहकाऱ्याने मला सांगितलं होतं. मी दुसऱ्या कंपनीत, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. म्हणून ते दादा आणि त्यांची बायको वहिनी.

कार्डांची भानगड अशी झाली. आमच्या भागात पूर्वी अमेरिकन सैन्य होतं. सैनिक गेले, त्यांची खोकी मागे राहिली. मुलीसाठी जुनी सायकल बघायला म्हणून दादा एकदा फ्लोहमार्क्टला, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेले आणि सायकलीऐवजी बुटांचं एक खोकं घेऊन आले. आत शेकडो बेसबॉलची कार्डं.

"अहो, हे काय आणलंत?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही," दादा म्हणाले. "पण छपाई बघ."

बेसबॉल कसा खेळतात हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि नंतरही झालं नाही. एकदा इथल्या एका क्लबाची मॅच बघायला आम्ही गेलो. दादांनी अर्धा तास बघितली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "कार्डावर बरे दिसतात रे." खेळाडूंची इंग्रजी नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. मिशीवाला मामलेदार, बँकेतला कॅशियर, रडका जावई. "रडका जावई माझ्याकडे दोन झालेत, एक देऊन टाकू का?" असा त्यांचा फोन मला ऐन मीटिंगमध्ये यायचा आणि मी बाहेर जाऊन गंभीरपणे सल्ला द्यायचो.

शनिवारी सकाळी दहाला एका स्पोर्ट क्लबाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं जमायचो. दादा आणि मी सोडून आणखी दोघं. एक डिटर, चाळीस वर्षं छापखान्यात काढून निवृत्त झालेला जर्मन म्हातारा, गळ्यात कायम दोरीने बांधलेलं भिंग. दुसरा अर्ल, सैनिक म्हणून आला, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला तो राहिलाच. बेसबॉल खरोखर कळणारा आमच्यात तो एकटा, आणि त्याचं कुणी ऐकायचं नाही.

कार्डांची अदलाबदल पंधरा मिनिटांत उरके. मग खरा विषय निघायचा: सगळ्यात वाईट वर्ष कुठलं? ही कार्डं दरवर्षी नव्या रूपात निघत, नवी चौकट, नवे रंग. चांगलं वर्ष कुठलं ह्यावर माणसं फार वेळ भांडत नाहीत. वाईटावर मात्र जन्म काढता येतो. अर्लचा राग एक्क्याण्णवच्या एका पिवळ्याजर्द संचावर. "मोहरीच्या डब्यात बुडवून काढलेत," तो म्हणायचा. डिटरला पंच्याण्णवची एक रंगीबेरंगी करामत सहन होत नसे. "त्या वर्षी डिझायनरला नवा कॉम्प्युटर दिला," तो म्हणे, "आणि खोलीत एकट्याला सोडून सगळे जेवायला गेले." माझं मत दर आठवड्याला बदले. ज्या बाजूला गेलं की वाद लवकर संपून केक पुढे येईल, ती माझी बाजू.

दादा पिवळ्याच्या विरोधात अर्लसोबत असायचे. आणि त्यांचं लाडकं वर्ष होतं नव्वद. नव्वदचा एक साधा संच, पांढरी कड आणि तिच्या आत चारी बाजूंनी एकच बारीक निळी रेघ. बाकी काही नाही. "सज्जन वर्ष," दादा म्हणायचे. ते कार्ड ते दोन बोटांनी कडेला धरायचे, नव्या नोटेसारखं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दादांनी नव्वदचं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "मी मत बदललं. हे सगळ्यात वाईट."

आम्ही हसलो. अर्ल म्हणाला, "कालपर्यंत ह्याच्याशी लग्न लावायला निघाला होतास."

"रेघ वाकडी आहे," दादा म्हणाले. "मध्ये पोट आलंय तिला. बघा ना."

डिटरने भिंग लावलं. मग पिशवीतून स्टीलची पट्टी काढली, रेघेवर ठेवली. त्याच्या हयातीत छपाईबद्दल कुणी असा आरोप केला आणि त्याने तो हसण्यावारी नेला, असं झालं नसावं. "सरळ," तो म्हणाला. "गेनाऊ, अगदी सरळ."

कार्ड अर्लकडे गेलं. "सरळ." माझ्याकडे आलं. मी उगाच जरा वेळ लावला आणि म्हटलं, "दादा, सरळ आहे हो."

"नीट बघ," दादा म्हणाले. "एका डोळ्याने बघ."

मी एका डोळ्याने बघितलं. सरळच होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी त्याच संचातली तीन कार्डं आणली. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा. प्रत्येक वेळी तेच. प्रत्येकाच्या हातात कार्ड द्यायचं आणि तोंडाकडे बघत बसायचं. कॉफी आणणाऱ्या बाईलाही त्यांनी सोडलं नाही. "तुम्हीच सांगा, ही रेघ मध्ये वाकलीय की नाही?" ती बिचारी ट्रे सांभाळत म्हणाली की तिला तरी काही दिसत नाही. दादांनी मान हलवली आणि कार्ड पाकिटात घातलं.

आम्हाला मजा वाटायला लागली. डिटरने एकदा कागदावर नागमोडी चौकट काढून आत दादांचं व्यंगचित्र काढलं. अर्लने ते भिंतीवर लावलं. आणि मी, मीही मागे राहिलो नाही. "दादा, वय झालं आता," मी म्हटलं, "पाचर बदला." सगळे हसले. दादाही हसले. त्या वाक्याबद्दल मी आज इतक्या दिवसांनंतरही स्वतःला माफ केलेलं नाही.

कारण मला कळायला हवं होतं. बाकी कुणाला नाही कळलं तर ठीक, मला कळायला हवं होतं. इथे येण्यापूर्वी मी येना शहरात तीन वर्षं डोळे तपासायच्या यंत्रांवर काम केलं होतं. माझ्या टेबलावर एक चौकडीचा कागद रोज पडलेला असायचा, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. चौकडीच्या रेघा सरळ दिसल्या तर ठीक. वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे मला पाठ होतं. पण आपल्या माणसाच्या बाबतीत आपण काय पाठ केलंय ते वेळेला आठवत नाही.

उन्हाळ्यात दादांचं आणखी काय काय बदललं. कामाला मोटारीने जाणारा माणूस बसने जायला लागला. "पर्यावरण," म्हणाले. चहा ओतताना कपाच्या कडेवर धार जायची. कुठलंही पत्र आलं की मोबाइलवर फोटो काढून ते मोठं करून वाचायचे. मी हे सगळं बघत होतो. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करायची बोलणी चालली आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी सगळं त्याच खात्यावर ढकललं. आमच्या भागात तेव्हा ज्याला त्याला तीच काळजी होती.

सप्टेंबरात एके दिवशी वहिनी मला खाली केलरच्या, म्हणजे तळघराच्या, दाराशी भेटल्या. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं ऑफिसात काही झालंय का हो?"

"का? काय झालं?"

"रोज सकाळी बाथरूममध्ये भिंतीसमोर उभे राहतात. नुसते उभे. मी काल फटीतून बघितलं. एका डोळ्यावर हात ठेवून टाइल्सकडे बघत होते. मग दुसऱ्या डोळ्यावर हात. मग परत पहिला. अर्धा अर्धा तास. आमची पिंकी बाहेरून दार बडवते, 'पापा, इश मुस राईन!', आत यायचंय म्हणून ओरडते, तरी ह्यांना ऐकू येत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "देवधर्म वगैरे काही चालू केलंय का? मला सांगत नाहीत."

आमच्या बिल्डिंगच्या बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्या, लहान, चौकोनी आहेत. मी तिथेच पायरीवर बसलो. एप्रिल, मे, जून, असे बोटांवर महिने मोजले. सहावं बोट आलं तिथे थांबलो.

वहिनींना मी काहीबाही सांगितलं आणि त्याच संध्याकाळी दादांना त्यांच्या केलरमध्ये गाठलं. ते खोक्यांवर वर्षांच्या चिठ्ठ्या लावत होते. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "कुठला डोळा?"

त्यांनी चिठ्ठी चिकटवली, अंगठ्याने दाबली. मग म्हणाले, "तुझ्या वहिनीला बोलू नकोस."

"कधीपासून?"

"मार्चच्या शेवटापासून. आधी दाराच्या फटीत दिसलं. मला वाटलं, माल वाकडा आलाय. सगळी बॅच थांबवली. मग दुसऱ्याने मोजली. माल सरळ होता." त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. "आता वाकडं नाही दिसत, आता मध्ये मळकट दिसतं. डाव्याने काम चालतं माझं."

"दादा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."

"नोव्हेंबरात टेर्मिन आहे," ते म्हणाले.

आता हे टेर्मिन काय, ते तुम्हाला सांगायला हवं. परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या ऑफिसात त्यांना कायम राहायच्या परवान्यासाठी वेळ मिळाली होती. जर्मनची परीक्षा दोनदा राहिल्यामुळे त्यांचं हे काम मागे पडलं होतं. तोवर त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर काही महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. मुलगी दहावीला. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिला पुण्यात नेऊन कुठल्या शाळेत घालणार?

"डॉक्टरचा आणि टेर्मिनचा काय संबंध?" मी म्हटलं.

दादांनी माझ्याकडे, मी जणू कालच विमानातून उतरलोय, अशा नजरेने बघितलं. "अरे, इथे एक कागद दुसऱ्या कागदाला सांगतो," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, पत्ता बदलला की टीव्हीच्या वर्गणीचं पत्र पाठोपाठ येतं तेव्हा म्हणायचे ते. "मी डॉक्टरकडे गेलो की तो लिहिणार. ते विम्याला जाणार. विमावाले माझ्या कंपनीला कळवणार. डोळ्यानं काम करणारा माणूस, आणि डोळाच नाही. कंपनी म्हणणार, धन्यवाद. आणि मी तिकडे टेर्मिनला कुठला कागद घेऊन जाऊ? आठ आठवडे राहिलेत. परवाना हातात पडला की त्याच दिवशी जातो. आईशप्पथ."

मी वाद घातला. असं नसतं, म्हणालो. पण किती जोरात म्हणालो? खरं सांगायचं तर मलाही वाटलं, कोण जाणे. मीही त्याच व्हिसावर राहिलेला माणूस. माझ्याही घरात पत्रांची फाइल आहे, प्रत्येक पत्र भोक पाडून लावलेलं, आणि पोस्टाच्या पेटीत पिवळट पाकीट दिसलं की मीही ते जिन्यातच फाडून बघतो. ही भीती आम्ही कुणी कुणाला शिकवत नाही. इथे आलेल्या प्रत्येकाला ती आपोआप येते, आणि शिकलेल्या माणसाला जरा जास्तच येते. मी गप्प बसलो. "बरं," म्हणालो.

तीन आठवडे मी गप्प बसलो.

त्या तीन आठवड्यांत मला नीट जेवण गेलं नाही. वरच्या मजल्यावर बाथरूमचा दिवा लागला की माझं चित्त तिथे. शनिवारी दादा कार्ड डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघायचे, आणि मी डिटर काय म्हणतोय ते ऐकायचं सोडून त्यांच्या हातांकडे बघत बसायचो. रेघेचा विषय त्यांनी आता काढणं सोडलं होतं. अर्ल एकदा चेष्टेने म्हणाला, "काय, नव्वद परत सज्जन झालं वाटतं?" दादा म्हणाले, "हो. माझीच चूक होती."

शेवटी मला राहवलं नाही. डिटरला पार्किंगमध्ये गाठून मी, नाव न घेता, एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. डिटर मूर्ख नव्हता. त्याने भिंग हातात घट्ट धरलं. "डॉक्टर कुणालाही सांगत नाही," तो म्हणाला. "कंपनीला नाही, सरकारला नाही. त्याला कायद्याने तोंड बंद ठेवावं लागतं. हे इथल्या लहान पोराला माहीत असतं." मग आवाज चढवून, "आणि आम्ही? आम्ही त्याचं चित्र काढून भिंतीवर लावलं!" तो आत गेला आणि ते चित्र काढून, चार घड्या घालून, कोटाच्या खिशात कोंबताना मी त्याला खिडकीतून बघितलं.

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि दादांना काही न विचारता मोटारीत घातलं. हाइलब्रोनच्या दवाखान्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. फक्त एकदा म्हणाले, "विम्याचं कार्ड दाखवावंच लागेल का?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन आठवडे," दादा म्हणाले.

"मार्चपासून," मी म्हटलं.

बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग चौकडीचा कागद काढला. दादांनी डावा डोळा झाकला आणि पेन्सिलीने जिथे रेघा दिसत नव्हत्या तिथे गोल काढला. गोल मोठा होता. मग थेंब, मग यंत्र, मग वाट बघणं. बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. जाड चष्म्याच्या डोळ्यांत कधीकधी मागचा पडदा ताणला जाऊन तिथे नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या गळतात, असं त्या म्हणाल्या. लवकर आलं तर इंजेक्शनांनी बरंच वाचवता येतं. इथे व्रण झाला होता. "इंजेक्शनं देऊ," त्या म्हणाल्या, "आणखी पसरू नये म्हणून. पण मधला भाग परत येईल असं मी सांगणार नाही. ह्या आजारात आम्ही आठवडे मोजतो."

माझ्या तीन आठवड्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. तेवढ्या आठवड्यांनी किती फरक पडला असता हे मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

पहिलं इंजेक्शन झाल्यावर दादा डोळ्यावर पट्टी लावून बाहेरच्या बाकावर बसले होते. मी मशीनमधून दोन कॉफी आणल्या. मी विचारलं, "दादा, तुम्हाला तर मार्चपासून माहीत होतं. मग एप्रिलमध्ये ते कार्डाचं काय काढलंत? रेघ सरळ आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याने सरळच दिसायची की." त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. "पण मला वाटलं, एखादा तरी म्हणेल, हो, वाकडी आहे. तुम्हा तिघांतला एक. एवढे शनिवार मी तेवढ्यासाठीच यायचो रे. एकानं जरी म्हटलं असतं ना, तर त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपलो असतो."

आणि आम्ही दर शनिवारी, एकमताने, पट्टी लावून त्यांना सिद्ध करून दाखवत होतो की रेघ सरळ आहे.

नोव्हेंबरातल्या टेर्मिनला मी त्यांच्यासोबत गेलो. दुसरं इंजेक्शन नुकतंच झालेलं, उजवा डोळा लालभडक. वहिनींना आता सगळं कळलं होतं. त्या आदल्या दिवशी भांडून भांडून दमल्या होत्या, आणि सकाळी त्यांनी दादांच्या कपाळाला अंगारा लावला तो दादांनी लिफ्टमध्ये रुमालाने पुसला. काउंटरमागच्या बाईंनी कागद बघितले, पासपोर्ट बघितला, मग मान वर करून दादांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"डोळ्याला काय झालं?"

दादांचा हात माझ्या मनगटावर आला. काय घट्ट धरलं होतं!

"इंजेक्शन," दादा म्हणाले.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "माझ्या आईलाही चालू आहेत. पहिली दोन जरा त्रास देतात, मग सवय होते. इथे सही करा." दहा मिनिटांत आम्ही बाहेर. परवाना मंजूर. कुणी एक प्रश्न विचारला नाही, एका कागदाने दुसऱ्याला काही सांगितलं नाही. दादा फुटपाथवर उभे राहिले आणि मला म्हणाले, "एवढंच?" मग पुन्हा म्हणाले, "एवढंच होतं?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांनी उगाच समोरच्या दुकानातल्या छत्र्या बघितल्या.

कंपनीनेही त्यांना काढलं नाही. साहेबाने खरं कळल्यावर विचारलं म्हणे, "आधी का नाही सांगितलं?" तपासणीचं काम काढून घेतलं आणि नव्या पोरांना फटी बघायला शिकवायचं काम दिलं. ते काम इंगोलश्टाटच्या शाखेत होतं. दादा म्हणाले, "एका डोळ्याचा मास्तर चालतो. फक्त मुलांनी एका बाजूने कॉपी केली तर सापडणार नाहीत."

वहिनी आणि पिंकी शाळेचं वर्ष संपल्यावर जाणार होत्या. दादा आधी, मार्चमध्ये, एकटे निघाले. खोकी केलरमध्येच राहिली. स्टेशनवर मी एकटाच सोडायला गेलो होतो, कारण वहिनींना घरी रडायचं होतं आणि ते त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं. गाडी लागली. दादांनी बॅग आत ठेवली आणि दारात उभे राहिले. "पोचल्यावर मेसेज करा," "जेवणाचं बघा," असं जे माणसं बोलतात ते मी बोललो.

मग त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. सुधारलाय का ते बघायची सवय लागली होती त्यांना, दिवसातून दहा वेळा बघायचे.

"तू दिसत नाहीस," ते म्हणाले. "नुसते कान दिसतायत." आणि हसायला लागले. "बरेच मोठे आहेत रे तुझे."

मीही हसलो. मग येनातलं आठवलं, उशिराच का होईना: मध्ये दिसत नसेल तर नजर बाजूला वळवायची, म्हणजे कडेने दिसतं. "दादा," मी म्हटलं, "माझ्या तोंडाकडे बघू नका. खांद्याकडे बघा. डाव्या खांद्याकडे."

त्यांनी नजर हळूहळू सरकवली. माझ्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून, खांद्यावर. तिथे थांबले.

"हां," ते म्हणाले. "आलास. जरा मळकट आहेस, पण आलास."

दार बंद झालं. काचेमागे ते तसेच उभे होते, एक डोळा झाकलेला. मी जागचा हललो नाही. गाडी सुटली आणि वळणापर्यंत जाईस्तोवर ते माझ्या खांद्याकडे बघत होते.